मधला एकच रविवार : जोहान्सबर्गच्या बिशपांचे प्रकरण

प्रकरण थोडक्यात

शनिवार, १० सप्टेंबर १९६० रोजी जोहान्सबर्गचे अँग्लिकन बिशप अँब्रोज रीव्ह्ज पाच महिन्यांनंतर आपल्या धर्मप्रांतात परतले. सोमवारी पोलिसांनी त्यांना विमानात बसवून इंग्लंडला धाडले. खटला नाही, सुनावणी नाही. मध्ये रविवार एकच. पुढच्या वर्षी त्यांनी पदाचा राजीनामा दिला आणि आयुष्याची उरलेली वीस वर्षे इंग्लंडात काढली. तिथे त्यांना पुन्हा स्वतःचा धर्मप्रांत कधीच मिळाला नाही.

निवृत्त बिशपांची चरित्रे बहुतेक जन्म, शिक्षण, दीक्षा, पद, सन्मान अशा ओळीने लिहिलेली असतात. इथे तसे करायचे नाही. त्यांच्या कारकिर्दीत दोनदा असा क्षण आला, की संस्थेचा प्रमुख म्हणून निर्णय त्यांनाच घ्यायचा होता आणि कोणताही पर्याय स्वच्छ नव्हता. पहिला प्रसंग १९५५ सालचा, शाळांचा. दुसरा १९६० सालचा, स्वतःवर येऊ घातलेल्या अटकेचा. दोन्हींत त्यांनी काय पाहिले, काय केले आणि त्याची किंमत कोणी मोजली, एवढेच तपासायचे आहे. बिशप सार्वजनिक इतिहासातले आहेत, म्हणून त्यांचे नाव ठेवले आहे. जखमी, साक्षीदार आणि साधे मंडळीचे लोक यांची नावे मुद्दाम घेतलेली नाहीत.

पार्श्वभूमी

रीव्ह्ज यांचा जन्म १८९९ सालचा, इंग्लंडातल्या नॉरिच गावचा. केंब्रिजला शिक्षण, मग मर्फील्डच्या धर्मशास्त्र महाविद्यालयात तयारी. हे महाविद्यालय एका मठवासी संघाचे आहे आणि त्या संघाचा ओढा कामगार वस्तीतल्या कामाकडे होता. पुढे काही काळ जिनिव्हात जागतिक ख्रिस्ती विद्यार्थी संघटनेचे काम, त्यानंतर लँकेशायरमधल्या हेडॉक या खाणकामगारांच्या गावी पाळक, आणि १९४२पासून लिव्हरपूलच्या सेंट निकोलस चर्चचे मुख्य पाळक. या चर्चचा मुख्य भाग डिसेंबर १९४०च्या बॉम्बहल्ल्यात जळून गेला होता. म्हणजे हा माणूस राजवाड्यातून आफ्रिकेत आला नव्हता. खाण, गोदी आणि पडझड यांची त्याला सवय होती.

१९४९ साली ते जोहान्सबर्गचे बिशप झाले. आदल्याच वर्षी नॅशनल पार्टी या गोऱ्यांच्या पक्षाने निवडणूक जिंकली होती आणि वंशभेदाला कायद्याच्या चौकटीत बसवण्याचे काम जोरात सुरू झाले होते.

अँग्लिकन व्यवस्थेत बिशप हा एका धर्मप्रांताचा प्रमुख असतो. पाळकांना दीक्षा देणे, त्यांच्या नेमणुका करणे, शाळा आणि मिळकती सांभाळणे हे सारे त्याच्याकडे. आपल्याकडच्या वाचकाला हे नवे नाही. मुंबई, नाशिक, नागपूर इथे असेच धर्मप्रांत होते आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा उत्तर भारतातली अँग्लिकन मंडळी त्यात सामील झाली. जोहान्सबर्गच्या धर्मप्रांतात मात्र एक विसंगती मुरलेली होती. मंडळीत कृष्णवर्णीयांची संख्या मोठी, पण पैसा, समित्या आणि मोठे दाते गोऱ्या उपनगरांतले. बिशप रविवारी वस्तीत उपदेश करायचे आणि आठवड्यात हिशेबाच्या बैठकीत उपनगरवाल्यांसमोर बसायचे. पुढच्या प्रत्येक निर्णयाखाली ही विसंगती आहे.

पहिला निर्णय : शाळा

दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीय मुलांचे शिक्षण तोवर मुख्यतः मिशनच्या शाळांत चालत होते. इमारत चर्चची, शिक्षकांचा पगार बराचसा सरकारी अनुदानातून. १९५३च्या बांटू शिक्षण कायद्याने हे गणित उलटवले. शाळा सरकारी खात्याकडे जाणार, अभ्यासक्रम सरकार ठरवणार. खात्याचे मंत्री हेंड्रिक फेरवर्ड यांनी १९५४ साली सिनेटमध्ये हेतू लपवलासुद्धा नाही. कृष्णवर्णीय माणसाला गोऱ्या समाजात काही ठरावीक मजुरीच्या वर स्थान नाही, मग त्याला तसे शिक्षण कशाला, असा त्यांचा रोख होता.

चर्चपुढे तीन वाटा होत्या. शाळेची इमारत सरकारला भाड्याने द्यायची, म्हणजे मुले निदान छपराखाली राहतात. किंवा शाळा स्वतःच्या खर्चाने चालवायची. पण अनुदान टप्प्याटप्प्याने बंद होणार आणि नोंदणी पुन्हा सरकारच्याच हाती. किंवा शाळा बंद करायची.

बहुतेक अँग्लिकन बिशपांनी पहिली वाट धरली. केपटाउनचे आर्चबिशप जेफ्री क्लेटन यांचे मत असे, की वाईट शिक्षण हे शिक्षण नसण्यापेक्षा बरे. रोमन कॅथलिक बिशपांनी दुसरी वाट धरली, त्यासाठी निधी गोळा केला आणि आपल्या शाळा स्वतःच्या हिमतीवर चालू ठेवायला निघाले. रीव्ह्ज यांनी तिसरी वाट निवडली. आपल्या धर्मप्रांतातल्या इमारती या कामासाठी द्यायच्या नाहीत, शाळा बंद झाल्या तर होऊ देत. आपले बिशप-बंधू एकीकडे आणि आपण दुसरीकडे, हे त्यांना दिसत होते. जोहान्सबर्गच्या रोझेटनव्हिल उपनगरातली नावाजलेली सेंट पीटर्स शाळा मर्फील्डच्याच संघाची होती. वंशभेदविरोधी लढ्याचे पुढारी ऑलिव्हर टांबो तिथे शिकले आणि तिथेच त्यांनी शिकवले. तीही १९५६मध्ये बंद झाली.

या निर्णयाकडे मी दोन बाजूंनी पाहतो आणि दोन्हीकडे अडखळतो. तत्त्व म्हणून तो साफ आहे. गुलामीचे शिक्षण आमच्या छपराखाली होणार नाही, असे सांगायला कोणीतरी हवे होते, आणि सगळ्यांनी 'निदान' म्हणत मान तुकवली असती तर विरोधाची नोंदही राहिली नसती. पण फळा पुसला गेला तो सोवेटोच्या, म्हणजे जोहान्सबर्गलगतच्या कृष्णवर्णीय वस्त्यांच्या, बाजूच्या मुलांचा. बिशपांची स्वतःची मुले त्या शाळेत नव्हती. त्या मुलांच्या आईबापांना एका बाजूने सरकारने विचारले नाही आणि दुसऱ्या बाजूने चर्चने किती विचारले, हा प्रश्न उरतोच. त्यात कॅथलिकांनी मधली वाट चालून दाखवली, म्हणजे ती अशक्य होती असेही म्हणता येत नाही. अवघड होती, महाग होती. गोऱ्या दात्यांपुढे झोळी पसरावी लागली असती. विसंगती म्हणालो ती हीच.

एक धागा मात्र इथून पुढे जातो. बांटू शिक्षण सुरू झाल्यावर क्रुगर्सडॉर्पजवळच्या शाळेतला एक तरुण शिक्षक या व्यवस्थेत शिकवायचे नाही म्हणून नोकरी सोडून बाहेर पडला आणि पाळक व्हायला निघाला. रीव्ह्ज यांनी त्याला उमेदवार म्हणून स्वीकारले. त्याचे नाव डेझमंड टुटू.

मधली पाच वर्षे

१९५५ ते १९६० या काळात बिशपांची गाठ सरकारशी वारंवार पडली. तपशील भराभर सांगतो.

डिसेंबर १९५६मध्ये पहाटेच्या धाडीत १५६ जणांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. नेल्सन मंडेला, अल्बर्ट लुथुली, टांबो असे लढ्याचे पुढारी सगळे त्यात. खटला चार वर्षांहून जास्त चालला. वकिलांची फी, जामीन, घरी चूल पेटती ठेवणे यांसाठी जो बचाव निधी उभा राहिला, त्याच्या उभारणीत रीव्ह्ज पुढे होते. इंग्लंडातून कॅनन जॉन कॉलिन्स पैसे गोळा करून पाठवत. निकाल मार्च १९६१मध्ये लागला आणि शेवटपर्यंत आरोपी राहिलेले सगळे निर्दोष सुटले. बिशप तेव्हा देशात नव्हते.

जानेवारी १९५७मध्ये अलेक्झांड्रा वस्तीच्या बसचे भाडे एक पेनीने वाढले. एकच पेनी! हजारो माणसे तीन महिने रोज पायी कामावर गेली, जाऊन येऊन पंधरा-वीस मैल. तडजोडीच्या वाटाघाटींत बिशपांनी मध्यस्थी केली. हे काम मला त्यांच्या भाषणांपेक्षा मोलाचे वाटते, कारण इथे त्यांना दोन्ही बाजूंकडे जा-ये होती. व्यापाऱ्यांच्या बैठकीत त्यांना खुर्ची मिळत होती आणि वस्तीत त्यांचा शब्द ऐकला जात होता.

त्याच वर्षी सरकारने एक कलम आणले : गोऱ्या भागातल्या चर्चमध्ये कृष्णवर्णीयांना उपासनेला येण्यास मंत्री मनाई करू शकेल. आर्चबिशप क्लेटन स्वभावाने सावध, सरकारशी उघड भांडण टाळणारे. पण या कलमापुढे तेही थांबले. हा कायदा आम्ही पाळू शकत नाही आणि आमच्या लोकांना पाळा असे सांगू शकत नाही, अशा आशयाच्या पत्रावर त्यांनी सही केली आणि दुसऱ्याच दिवशी, ७ मार्च १९५७ रोजी, त्यांचे निधन झाले. मी म्हातारा माणूस आहे, तुरुंगात जायची इच्छा नाही, पण वेळ आली तर जाईन, असे ते रीव्ह्ज यांनाच म्हणाले होते, ही आठवण नोंदलेली आहे. तीन वर्षांनी तोच प्रश्न ऐकणाऱ्याच्या दारात आला.

अडचण : शार्पव्हिल आणि त्यानंतरचे दहा दिवस

सोळा वर्षांवरच्या कृष्णवर्णीय पुरुषाला पासबुक, म्हणजे गोऱ्या भागात वावरण्याचा परवाना, बाळगावे लागे. त्याशिवाय रस्त्यावर सापडला तर कोठडी. (याच जोहान्सबर्गमध्ये, हमीदिया मशिदीच्या आवारात, १६ ऑगस्ट १९०८ रोजी गांधीजींच्या नेतृत्वाखाली भारतीयांनी नोंदणीच्या दाखल्यांची होळी केली होती. कागद वेगळा, पण जात तीच.) रॉबर्ट सोबुक्वे यांच्या पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेसने २१ मार्च १९६० साठी साधा कार्यक्रम दिला : पास घरी ठेवा, पोलीस ठाण्यावर चालत जा आणि म्हणा, आम्हाला अटक करा. सोबुक्वे स्वतः सोवेटोतल्या ऑर्लँडो ठाण्यावर गेले आणि अटक झाले.

जोहान्सबर्गच्या दक्षिणेला फेरेनिगिंग शहराजवळ शार्पव्हिल ही वस्ती आहे. तिथे ठाण्यासमोर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. अधिकृत आकडा ६९ मृत आणि सुमारे १८० जखमी. बऱ्याच जणांना गोळ्या पाठीत लागल्या होत्या, म्हणजे ते पळत होते.

शार्पव्हिल रीव्ह्ज यांच्या धर्मप्रांतात होते. त्यांनी निषेधाचे पत्रक काढले असतेच, ते सगळेच काढत होते. त्यांनी केले ते वेगळे. इस्पितळात पडलेल्या जखमींचे जबाब वकिलांकरवी लिहून घ्यायची व्यवस्था केली. जखमींना बरे वाटताच पोलीस ताब्यात घेतील, मग खरे काय झाले ते सरकारी कागदातच राहील, हा धोका होता. संस्थाप्रमुखाने संकटात पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत काय करावे याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. पुरावा आधी, भाषण नंतर. सरकारला न्यायमूर्ती वेसल्स यांचा चौकशी आयोग नेमावा लागला आणि बिशपांच्या वतीने सिडनी केंट्रिज हे तरुण वकील आयोगापुढे उभे राहिले. जखमींची बाजू नोंदीवर आली ती या तयारीमुळे.

३० मार्चला आणीबाणी पुकारली गेली. पहाटे धाडी पडल्या. पुढच्या काही आठवड्यांत अठरा हजारांवर लोक स्थानबद्ध झाले. प्रिटोरियात मिशनचे काम करणाऱ्या हॅना स्टँटन या इंग्रज बाईंनाही उचलले. मग बिशपांच्या कानावर आले, की पुढचे नाव त्यांचे आहे.

पर्याय

इथे जरा थांबायला हवे. नंतर सगळे जण शहाणे होतात; त्या रात्री समोर काय होते ते मांडून पाहू.

घरीच राहायचे आणि अटक होऊ द्यायची. आणीबाणीत अटक म्हणजे किती दिवस, कुठे, कोणाला भेटता येईल, कशाचीच शाश्वती नाही. वय साठ. जबाबांचे काम अर्धवट आहे, आयोगापुढची तयारी व्हायची आहे, बचाव निधी चालवायचा आहे. दुसरीकडे, अख्ख्या धर्मप्रांताला दिसेल की बिशप आपल्या लोकांबरोबरच कोठडीत आहे.

देशातच कुठेतरी लपायचे. बिशपाला हे शोभत नाही हे सोडा, त्याला आसरा देणारा पाळक किंवा कुटुंब भरडले गेले असते.

सरहद्द ओलांडून स्वाझीलँडला जायचे. आजचे एस्वातिनी, तेव्हा ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली. जोहान्सबर्गहून मोटारीने काही तासांवर. तिथे थांबून अंदाज घ्यायचा, धोका टळला की परतायचे.

किंवा थेट लंडन गाठून जगासमोर शार्पव्हिल मांडायचे.

आपल्याकडे १९७५ साली हाच पेच किती जणांसमोर आला होता. कोणी पहिल्याच रात्री तुरुंगात गेले, मृणाल गोरे आणि जॉर्ज फर्नांडिस आधी भूमिगत झाले आणि मग पकडले गेले. त्यांच्यापैकी कोणालाही आपण पळपुटे म्हणत नाही. पण एक फरक आहे. ते भूमिगत झाले तेव्हा देशातच होते आणि पकडले जाण्याची जोखीम रोज अंगावर बाळगत होते. सरहद्द ओलांडली की ती जोखीम संपते, आणि मागे राहिलेल्याला हा फरक लगेच कळतो.

काय केले

रीव्ह्ज यांनी तिसरा पर्याय घेतला. एप्रिलच्या सुरुवातीला ते स्वाझीलँडला गेले. काही काळाने तिथून पुढे लंडनला. म्हणजे तिसऱ्या पर्यायाचा चौथा झाला. मला वाटते, हे घसरणे हाच या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग आहे. स्वाझीलँडला जाणे हा निर्णय होता. लंडनला पोचणे हा त्यापुढचा उतार. सरहद्दीजवळ राहिलेला बिशप 'येतो आहे' असे म्हणू शकतो. लंडनमधला बिशप 'बाहेरून बोलतो आहे' असाच ऐकू येतो.

त्या वर्षी ईस्टर १७ एप्रिलला होता. उपवासकाळाचे शेवटचे दोन आठवडे, झावळ्यांचा रविवार, शुभ शुक्रवार, ईस्टर, सगळे बिशपाविना गेले. बाहेरच्या वाचकाला ही किरकोळ बाब वाटेल. मंडळीच्या लोकांना वाटली नसावी. नुकतीच ६९ माणसे पुरली होती.

लंडनमध्ये ते गप्प बसले नाहीत. शार्पव्हिलच्या गोळीबारावर त्यांनी लिहिलेले पुस्तक त्याच वर्षी प्रसिद्ध झाले आणि जखमींनी सांगितलेले जगाने वाचले. त्या दृष्टीने जाण्याचा हेतू साधला म्हणता येईल. पण जोहान्सबर्गमध्ये वेसल्स आयोगाच्या सुनावण्या चालू होत्या आणि ज्यांच्या नावे वकील उभे होते ते हजर नव्हते.

टीका झाली. गोऱ्या मंडळींनी केली यात नवल नाही, त्यांना हा बिशप आधीपासूनच नकोसा होता. पण ज्यांना तो हवा होता त्यांच्यातही कुजबुज होती. कारण उघड होते. शार्पव्हिलचे लोक ठाण्यावर गेले ते 'आम्हाला अटक करा' म्हणायला. त्यानंतर दहा-बारा दिवसांत त्यांचा बिशप अटक टाळण्यासाठी निघून गेला. या दोन वाक्यांच्या मध्ये कितीही कारणे भरली तरी ती एकमेकांशेजारी उभी राहतात.

३१ ऑगस्टला आणीबाणी उठली. दहा दिवसांनी बिशप परतले. हा निर्णय धाडसाचा होता, आणि इथे त्यांनी आधीची चूक दुरुस्त करायचा प्रयत्न केला असे मी वाचतो. पण सरकारला आता सोपे झाले होते. अटक केली असती तर हुतात्मा झाला असता. परदेशी नागरिक, पाच महिने बाहेर राहिलेला, त्याला विमानात बसवले की काम संपले. सोमवारी सरकारने तेच केले.

परिणाम

बिशपाविना धर्मप्रांत फार काळ चालत नाही. नव्या पाळकांच्या दीक्षा, नेमणुका, सह्या सगळे अडते. १९६१मध्ये रीव्ह्ज यांनी राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी टांगानिकातून (आजच्या टांझानियातून) लेस्ली स्ट्रॅडलिंग आले.

सरकारने १९६१मध्येच एक कायदा करून शार्पव्हिलच्या दिवसापासून पोलिसांनी केलेल्या कृत्यांना मागे जाऊन संरक्षण दिले. नुकसानभरपाईचे दावे तिथेच संपले. गोळा केलेले जबाब कोर्टात उपयोगी पडले नाहीत, इतिहासात पडले. संयुक्त राष्ट्रांनी १९६६ साली २१ मार्च हा वांशिक भेदभाव निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून जाहीर केला.

आणि इंग्लंडात आलेला बिशप? अँग्लिकन परंपरेत एकदा बिशप झालेला माणूस पद सोडले तरी बिशपच राहतो, त्यामुळे त्यांना 'सहायक बिशप' म्हणून लंडनमध्ये आणि नंतर चिचेस्टरच्या धर्मप्रांतात काम मिळाले. पोटापाण्याचे काम वेगळे : १९६२ ते १९६५ ख्रिस्ती विद्यार्थी चळवळीचे सरचिटणीस, मग ससेक्समधल्या लुईस या छोट्या गावात सेंट मायकल चर्चचे पाळक. बारा वर्षे अख्खा धर्मप्रांत सांभाळलेला माणूस पुन्हा गावच्या मंडळीत बाप्तिस्मे आणि अंत्यविधी करू लागला. १९७२मध्ये तिथून निवृत्त.

इंग्लंडच्या चर्चने त्यांना धर्मप्रांत का दिला नाही, याचे कागदावरचे कारण शोधण्यात अर्थ नाही. त्रासदायक माणसाबद्दल संस्था क्वचितच कारण लिहून ठेवते. पण तुलना डोळ्यांत भरते. जोहान्सबर्गच्या सोफियाटाउन वस्तीत काम केलेले पाळक ट्रेव्हर हडलस्टन तितकेच त्रासदायक होते. त्यांना त्यांच्या, म्हणजे मर्फील्डच्याच, संघाने सरकारने अटक किंवा हद्दपार करण्याआधीच परत बोलावले. ते पुढे टांगानिकातले मसासी, मग लंडनमधले स्टेपनी, मग मॉरिशसचे बिशप झाले, हिंदी महासागर प्रांताचे आर्चबिशपही. परत बोलावलेला माणूस बिशप होतो, हद्दपार झालेला पाळक होतो.

रीव्ह्ज यांनी कडवटपणा धरून बसल्याचे दिसत नाही. १९७० ते १९८० ते ब्रिटनच्या वर्णद्वेषविरोधी चळवळीचे अध्यक्ष होते. म्हणजे निवृत्तीच्या वयात त्यांनी असे काम घेतले ज्याला ना धर्मप्रांत लागतो ना व्हिसा. २३ डिसेंबर १९८० रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी त्या अध्यक्षपदावर हडलस्टन आले.

वेगळे काय करता आले असते

हॅना स्टँटन यांचे उदाहरण इथे पुन्हा आणतो. त्या गेल्या नाहीत. प्रिटोरियाच्या तुरुंगात काही आठवडे राहिल्या आणि मे १९६०मध्ये सरकारने त्यांना हद्दपार केले. शेवट दोघांचा सारखाच : परदेशी नागरिक, विमान, इंग्लंड. रीव्ह्ज राहिले असते तर त्यांचेही बहुधा हेच झाले असते, कदाचित सप्टेंबरऐवजी मे-जूनमध्ये. म्हणजे जाण्याने त्यांनी हद्दपारी टाळली नाही. फक्त हद्दपारीआधीची कोठडी टळली, आणि त्यांच्या शब्दाला वजन आले असते ते कोठडीनेच.

हे म्हणणे सोपे आहे, कोठडीत मी बसणार नव्हतो. त्या रात्री सल्ला देणारे मित्र आणि वकील बिशपांच्या सुरक्षेचा विचार करत होते, आणि मित्रांनी तोच करायचा असतो. पण संस्थाप्रमुखाभोवती त्या वेळी आणखी एक माणूस हवा होता : वस्तीतला एखादा कृष्णवर्णीय पाळक, ज्याला विचारता आले असते, 'तुमच्या लोकांना काय वाटेल?' अशा पाळकांची धर्मप्रांतात वाण नव्हती. निर्णयाच्या खोलीत त्यांना किती जागा होती, हा प्रश्न शाळांच्या वेळीही पडला होता.

दुसरी शक्यता : गेल्यावर स्वाझीलँडहून पुढे न जाणे. ईस्टरच्या आधी परत येऊन अटक ओढवून घेणे. यात जबाब सुरक्षित करायला हवे होते तेवढे दिवस मिळाले असते आणि परतीचा अर्थही वेगळा झाला असता. सप्टेंबरमध्ये परतले तेव्हा आणीबाणी उठलेली होती. एप्रिलमध्ये परतले असते तर ती चालू असताना परतले असते.

तिसरी गोष्ट राजीनाम्याची. तो न देता हद्दपार बिशप म्हणूनच पद धरून ठेवणे, म्हणजे सरकारने आमचा बिशप काढून घेतला आहे ही वस्तुस्थिती वर्षानुवर्षे उघडी ठेवणे. निषेध म्हणून याला धार होती. पण त्याचा भार जोहान्सबर्गच्या मंडळ्यांनी वाहिला असता. सरकारला त्याची झळ लागली नसती. शाळांच्या वेळी तत्त्वाची किंमत मुलांनी मोजली होती. यावेळी रीव्ह्ज यांनी ती दुसऱ्यांवर टाकली नाही आणि खुर्ची मोकळी केली. पाच वर्षांत माणूस काही शिकला असेल तर ते इथे दिसते.

शाळांबाबत मी अजून ठरवू शकलेलो नाही. कॅथलिकांसारखे काही वर्षे तरी चालवून पाहायला हवे होते असे वाटते. आणि लगेच तो क्रुगर्सडॉर्पचा शिक्षक आठवतो. डिसेंबर १९६०मध्ये जोहान्सबर्गच्या सेंट मेरीज कॅथीड्रलमध्ये डेझमंड टुटू यांना पहिली दीक्षा मिळाली. ज्या बिशपांनी त्यांना स्वीकारले होते, ते तीन महिन्यांपूर्वी विमानात बसवले गेले होते. १९८५मध्ये टुटू त्याच धर्मप्रांताचे बिशप झाले.